कोरड्या रंगांचे सुख

चित्रकला हा ज्याचा पेशा नाही, परंतु चित्र काढल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, असा मनुष्य रंगांच्या दुकानात प्रथम पाऊल टाकतो तेव्हा दुकानदार आणि हितचिंतक असे दोघेही त्याला दोनच वाटा दाखवितात : एक जलरंगांची आणि दुसरी तैलरंगांची. या दोन्ही वाटा थोर आहेत आणि त्यांवरून चालून गेलेल्यांची नामावळीही थोर आहे. पण जलरंग कागदाच्या ओलाव्याने घालून दिलेल्या मुदतीत काम पुरे करावयास लावतो, आणि तैलरंगाला वाळण्यासाठी दिवस, टर्पेंटाइनचा वास सोसणारे घर आणि ओला कॅनव्हास कोणाच्या पदराला लागणार नाही अशी स्वतंत्र खोली हवी असते. दिवसभर कचेरीत, शाळेत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून संध्याकाळी जेवणापूर्वी जो तासभर वेळ हाती लागेल त्यातच ज्याला आपली हौस भागवावयाची आहे, त्या गृहस्थाला किंवा गृहिणीला या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट आहे हे सांगणारे पुस्तक मराठीत असावे, अशी इच्छा माझ्या मनात फार दिवस होती. ती तिसरी वाट म्हणजे सॉफ्ट पेस्टल. कांडी हातात घेतली की चित्र सुरू होते आणि घरातून हाक आली म्हणून ती खाली ठेवली की थांबते; ब्रश धुवावयाचा नसतो, पॅलेट खरवडावयाची नसते, आणि दुसऱ्या दिवशी रंग आदल्या संध्याकाळी जसा होता तसाच आपल्यासमोर उभा असतो.

आपल्याकडे शाळकरी मुलांच्या दप्तरात असणाऱ्या तेलखडूंशी या कांड्यांची गल्लत सर्रास होते, म्हणून त्यांची घडण आरंभीच सांगितलेली बरी. तेलखडूत रंगद्रव्य तेल आणि मेण यांत बांधलेले असते, त्यामुळे तो कागदाला चिकटतो आणि चमकतो. ती वस्तू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये शाळांसाठी तयार झाली आणि तिचा गुणधर्म सर्वस्वी निराळा आहे. सॉफ्ट पेस्टलच्या कांडीत शुद्ध रंगद्रव्याची भुकटी, थोडी खडूची किंवा पांढऱ्या मातीची पूड, आणि कांडी हातात मोडू नये एवढ्यापुरताच कतीऱ्यासारखा सौम्य डिंक, याहून अधिक काही नसते. हा डिंक जितका कमी तितकी कांडी मऊ, आणि कांडी जितकी मऊ तितका रंग मुक्त. तैलरंगात रंगकणांभोवतीची हवा तेल हुसकून लावते, प्रकाश आत खोल शिरतो आणि रंग गडद होतो. पेस्टलमध्ये कणांभोवती हवा तशीच राहते, प्रकाश वरच्या वर विखुरला जातो आणि रंग जणू आतून उजळल्यासारखा दिसतो. दारापुढच्या रांगोळीवर पाणी सांडले की तिचे रंग क्षणात काळवंडतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला या चमत्काराचे कारण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या माध्यमात रंग मिसळून तयार करावयाचा नसतो, निवडावयाचा असतो. आणि हौशी चित्रकाराच्या आनंदाचे व शिक्षणाचेही मर्म माझ्या मते येथेच आहे. उदाहरणादाखल खिडकीजवळच्या पाटावर ठेवलेले एक काळसर जांभळे वांगे घ्या. करड्या कागदावर गडद निळ्या तुकड्याची आडवी बाजू हलक्या हाताने फिरवून त्याचा आकार मांडला, त्यावर जांभळ्याचा एक थर दिला, आणि मग सावलीकडच्या कडेला निरखून पाहिले, तर तेथे काळा रंग नसून पाटाच्या लाकडावरून उसळलेला एक मंद तांबूस उजेड असल्याचे ध्यानात येते. तो तांबूस तुकडा डबीतून शोधून तेथे टेकविला की वांगे कागदावरून उचलून येते. वरच्या चकाकीसाठी हात सवयीने पांढऱ्या कांडीकडे जातो, पण ती चकाकी म्हणजे खिडकीतल्या आभाळाचे प्रतिबिंब असल्यामुळे फिकट निळी असते. ती कांडी एकदाच, थोडा दाब देऊन, ठेवावी आणि पुन्हा तिला हात लावू नये. रेषा काढणे आणि रंग भरणे ही अन्यत्र दोन स्वतंत्र कामे असतात. येथे ती एकाच हालचालीत उरकतात, आणि डोळ्याने घेतलेला निर्णय व बोटांनी केलेली कृती यांच्यामध्ये कोणतेही हत्यार उभे राहत नाही.

पेस्टलचा पूर्वेतिहास खडूंच्या इतिहासात मिसळलेला आहे. युरोपात प्रबोधनकाळी चित्रकार काळा, पांढरा आणि गेरूच्या जातीचा लाल असे तीन नैसर्गिक खडू रेखाटनासाठी वापरीत. लिओनार्दोने १५०० च्या सुमारास काढलेल्या इझाबेला देस्ते हिच्या रेखाटनात, जे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, पिवळ्या कोरड्या रंगाचे काही स्पर्श आढळतात, आणि या माध्यमाच्या जन्माचा दाखला म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवितात. परंतु रेखाटनाला लावलेला रंग ही एक गोष्ट आणि संपूर्ण चित्र ही दुसरी. ती दुसरी गोष्ट अठराव्या शतकात सर्वत्र लोकप्रिय झाली, आणि तीही मुख्यतः एका स्त्रीच्या हातून.

व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा ही लेस विणणाऱ्या आईची मुलगी. तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर बसवावयाची हस्तिदंती लघुचित्रे काढून तिने आपल्या व्यवसायाचा आरंभ केला आणि पुढे पेस्टलमधील व्यक्तिचित्रांनी सारे युरोप जिंकले. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली, बालराजा पंधराव्या लुईचे चित्र तिने काढले, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या शाही कला अकादमीने तिला सभासदत्व दिले. ड्रेस्डेनच्या दरबाराने तिची दीडशेहून अधिक पेस्टले जमविली. या लोकप्रियतेमागे एक भौतिक कारणही होते, आणि कलेचे इतिहासकार ते कित्येकदा घाईने उल्लेखून पुढे जातात : सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओतीव काचेची मोठी, स्वच्छ तावदाने बनू लागली होती. ज्या चित्राला बोट लागले तरी ते पुसते, त्याला काचेखेरीज दिवाणखान्यात आयुष्य नाही. काच मोठी झाली तसे पेस्टलही मोठे झाले, ते इतके की मोरीस कांतँ द ला तूर याने १७५५ च्या प्रदर्शनात मांडलेले मादाम द पोंपादूर हिचे चित्र कागदाचे ताव जोडून जवळजवळ पावणेदोन मीटर उंचीचे झाले होते.

त्या शतकातच या माध्यमाची दोन घराणी स्पष्ट दिसू लागतात. ला तूर चेहऱ्यावर शेवटचे स्पर्श उघडे, न मिसळता ठेवी. जवळून पाहिले तर गालावर निळ्या-हिरव्या रेघा दिसतात आणि चार पावले मागे सरताच त्या रक्तामांसात विरून जातात. त्याच्या उलट जिनीव्हाचा लिओतार चर्मपत्रावर असा गुळगुळीत हात फिरवी की कांडी कोठे टेकली हे सांगता येऊ नये. तबकात पेला आणि पाण्याचे काचपात्र घेऊन जाणारी त्याची चॉकलेटवाली दासी ड्रेस्डेन येथे आहे, आणि त्या पाण्याच्या पात्रातील उजेड पाहून कोरड्या भुकटीने हे कसे साधले असेल, असा विचार मनात येतो. मिसळावे की उघडे ठेवावे, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. माझा कौल ला तूरच्या बाजूने आहे. बोटाने चोळले की रंगकण कागदाच्या खळग्यांत दडपले जातात, त्यांच्यामधली हवा जाते आणि ज्या तेजासाठी हे माध्यम पत्करले तेच मंदावते; नवशिक्याला मात्र चोळण्याचा मोह अनावर होतो, कारण चोळल्याने चूक झाकली जाते.

या सर्वांत मला सर्वाधिक जवळचा वाटतो तो शार्दँ. आयुष्यभर तैलरंगात स्वयंपाकघरातली भांडी, फळे आणि मारलेले ससे यांची चित्रे काढलेल्या या वृद्ध चित्रकाराचे डोळे तैलरंगांतील शिशाने अधू झाले, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याने पेस्टल हाती घेतले. १७७१ चे चष्मा लावलेले आणि १७७५ चे, कपाळावर उजेड अडविणारी झापड बांधलेले, अशी त्याची दोन आत्मचित्रे लूव्रमध्ये आहेत. डोक्याला गुंडाळलेले फडके, गळ्याभोवतीचा रुमाल, थकलेली पापणी, आणि या सगळ्यावर आडव्यातिडव्या मारलेल्या, कोठेही न चोळलेल्या धीट रेघा : ज्या वयात लोक आपल्या मिळकतीची व्यवस्था लावून निवृत्त होतात, त्या वयात हा मनुष्य एक नवे माध्यम शिकत होता आणि त्यात आपल्या तरुणपणाच्या कामाहून अधिक मोकळा झाला होता.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पेस्टल मागे पडले. सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यांशी त्याची सोयरीक असल्यामुळे त्यांच्याबरोबर तेही बरखास्त झाले म्हणावयास हरकत नाही. इंग्लंडमध्ये जॉन रसेल याने १७७२ मध्ये या कलेवर एक पाठ्यग्रंथ लिहिला होता, आणि पुढे दुर्बिणीतून चंद्राचे निरीक्षण करून त्याचे एक मोठे पेस्टलही केले होते. शास्त्रज्ञाची नजर आणि हौशीचे वेड यांचा असा संगम विरळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलेने शेतकऱ्यांची आणि संधिप्रकाशाची पेस्टले काढली, व्हिसलरने १८७९-८० च्या मुक्कामात तपकिरी कागदावर मोजक्या स्पर्शांनी व्हेनिसच्या गल्ल्या उभ्या केल्या, आणि दृक्प्रत्ययवाद्यांच्या हाती पेस्टल पुन्हा प्रथम दर्जाचे माध्यम ठरले.

त्यांत दगा हे नाव अर्थातच सर्वांच्या वर आहे. नर्तकींपासून आरंभ करून पुढे न्हाणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, केस विंचरणाऱ्या स्त्रियांपर्यंत त्याने या माध्यमाचे जे केले ते त्याच्या आधी कोणाच्या कल्पनेत नव्हते. एक थर द्यावा, त्यावर रंग पक्का करणारे फिक्सेटिव्ह फवारावे, मग पहिल्या थराला छेद देणाऱ्या दिशेने दुसऱ्या रंगाच्या रेघा माराव्यात, असे थरावर थर चढवून तो नारिंगीतून हिरवा आणि हिरव्यातून जांभळा डोकावत ठेवी. कधी वाफेने रंग ओला करून तो ब्रशाने पसरवी. चित्र अपुरे वाटले तर कागदाची पट्टी जोडून ते वाढवी. त्याचीही दृष्टी क्षीण होत होती, आणि जसजशी ती क्षीण झाली तसतशी त्याची रेघ जाड व रंग प्रखर होत गेला. त्याची मैत्रीण मेरी कॅसट माता आणि मुले यांची पेस्टले करीत राहिली. तिचेही काम अखेरीस डोळ्यांनीच थांबविले, जसे पूर्वी रोझाल्बाचे थांबविले होते. ओदिलाँ रदाँ हा मात्र उलट दिशेने आला : वर्षानुवर्षे केवळ कोळशाच्या काळ्या रंगात काम केल्यावर पन्नाशीच्या सुमारास त्याने पेस्टल उचलले आणि त्याच्या चित्रांत फुले फुलली.

ही नावे मी येथे मुद्दाम एका ओळीत मांडीत आहे. अधू डोळ्यांचा शार्दँ, मंद होत जाणाऱ्या दृष्टीचा दगा, प्रौढपणी रंगांकडे वळलेला रदाँ, अकादमीत स्त्रियांना क्वचितच जागा मिळे अशा काळात केवळ या माध्यमाच्या बळावर आत गेलेली रोझाल्बा : अन्य माध्यमांनी ज्यांच्यासाठी दार अर्धे लावून घेतले होते त्यांना पेस्टलने आत घेतले, असे या इतिहासावरून माझे ठाम मत झाले आहे. वय झालेला, वेळ तुटपुंजा असलेला, कोणत्याही कलाविद्यालयाची सनद जवळ नसलेला हौशी चित्रकार जेव्हा ही कांडी उचलतो तेव्हा तो दुय्यम प्रतीचे काही करीत नसतो. तो या परंपरेच्या मध्यभागी येऊन उभा राहतो.

पुढे या माध्यमाच्या मंडळ्या स्थापन झाल्या. न्यूयॉर्कला १८८२ मध्ये, पॅरिसला १८८५ मध्ये आणि लंडनला १८९८ मध्ये पेस्टलकारांच्या संस्था निघाल्या, आणि १९७२ मध्ये अमेरिकेत एक नवी संस्था उभी राहिली; तेथे उघड्यावर बसून निसर्गचित्रे काढणाऱ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला. या वर्गाने खरखरीत, वाळूचा थर दिलेल्या कागदाचा प्रसार केला. त्यावर आधी पातळ रंगाचा हात देऊन मग कोरडे थर चढविण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. हिंदुस्थानात अवनींद्रनाथ ठाकुरांनी तरुणपणी कलकत्त्याला घिलार्दी या इटालियन शिक्षकाकडे पेस्टलचे धडे घेतले, आणि भारतीय शैलीचा ध्यास घेतल्यानंतरही त्या माध्यमातील व्यक्तिचित्रणाची गोडी त्यांनी सोडली नाही. आपल्या मुंबई इलाख्यात १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने आणि १८८८ च्या बॉम्बे आर्ट सोसायटीने वास्तववादी चित्रणाची जी परंपरा घडविली ती मुख्यतः जलरंग आणि तैलरंग यांची. पेस्टल तीत अपरिचित नव्हते, पण त्याचे स्वतंत्र घराणे येथे उभे राहिले नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन हजारो मराठी मुलामुलींचा हात तयार होतो, आणि नोकरीसंसाराच्या रगाड्यात तो तसाच पडून राहतो. तो पुन्हा चालू करण्यास पेस्टलइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

आमच्या हवेत या माध्यमाला धोका आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत डिंक व कागद दोन्ही ओल धरतात आणि काचेआडच्या चित्रावर बुरशीचे ठिपके उमटतात. म्हणून काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटचे अंतर राखणे, फ्रेमची मागची बाजू नीट बंद करणे आणि चित्र बाहेरच्या भिंतीवर न टांगणे, ही पथ्ये पाळावीच लागतात. भुकटी फुंकरीने उडवू नये. ईझल किंचित पुढे कलता ठेवला की चुरा आपोआप खाली पडतो. कॅडमियमसारख्या धातूंपासून केलेले रंग नाकातोंडात जाऊ देणे प्रकृतीस अपायकारक आहे, हे घरात लहान मुले असतील तर विशेष ध्यानात ठेवावे. फिक्सेटिव्हविषयी मतभेद आहेत. ते फवारताच फिकट रंग दबतात हा अनुभव सार्वत्रिक आहे, म्हणून दगाप्रमाणे मधल्या थरांवर त्याचा उपयोग करावा आणि शेवटचा थर मोकळा सोडावा, ही वहिवाट मला ग्राह्य वाटते.

आजच्या काळात याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रत्येकाच्या हाती छायाचित्राचे यंत्र आले आहे आणि मनुष्य जे पाहतो ते टिपून लगेच पुढे जातो. पण त्या यंत्राच्या चित्रात भर दुपारची सावली बहुधा काळी आणि निर्जीव उमटते; वाड्याच्या भिंतीवर पडलेल्या त्याच सावलीकडे पेस्टलची डबी उघडून जो पाव तास बघत बसतो, त्याला तीत आधी जांभळा, मग निळा, आणि जमिनीलगत अंगणातल्या तांबड्या मातीचा उजेड सापडतो. डबीतील ऐंशी कांड्यांपैकी नेमकी कोणती, हा प्रश्न हात पुढे करण्यापूर्वी सोडवावा लागतो, आणि तो सोडविण्यासाठी पाहावेच लागते. हे पाहणे शिकविणारी दुसरी स्वस्त आणि घरगुती शाळा माझ्या माहितीत नाही.

प्रस्तुत पुस्तक हे कलेचा इतिहास नव्हे आणि प्रावीण्याचे हमीपत्रही नव्हे. ज्याने कांडी कधी हाती धरली नाही त्याला पहिले वर्ष सोबत करावी, एवढाच त्याचा हेतू आहे. म्हणून त्यात चेहऱ्यांपूर्वी भांडी आणि फळे आहेत, रंगांपूर्वी गडद, मध्यम आणि फिका अशा तीनच कांड्यांचे पाठ आहेत, आणि विलायती कागदाच्या बरोबरीने सुताराच्या पॉलिश पेपरवर केलेल्या चित्रांचे नमुनेही आहेत, कारण महाग सामग्री नाही म्हणून कोणाची हौस अडू नये. मोडक्या तुकड्यांपासून कांड्या करण्याची कृती मी सविस्तर दिली आहे. उरलेले तुकडे आणि ईझलच्या पन्हाळीत साठलेला चुरा नाकाला फडके बांधून खलात बारीक करावा, थेंबथेंब पाणी घालून मळावा, वर्तमानपत्रावर वळून सावलीत वाळू द्यावा. त्यातून जो राखाडी रंग निघतो तो दर वेळी निराळा, कधी हिरवट, कधी तांबूस, आणि विकतच्या कोणत्याही पेटीत न सापडणारा असतो. माझ्या चित्रांतली आभाळे बहुतेक याच कांड्यांनी झाली आहेत.

छपाईत पेस्टलचे तेज उतरत नाही, हे मुद्रकाच्या सर्व परिश्रमांनंतरही मान्य करावे लागते. शाईचा थर सपाट असतो आणि आकार पानापुरता आक्रसतो. म्हणून जुन्या चित्रकारांच्या ज्या प्रतिमा येथे घेतल्या आहेत त्यांच्याखाली मूळ चित्रांची मापे दिली आहेत. वाचकाने ती वाचून तेवढा कागद कापावा आणि पान उलटण्यापूर्वी तो समोरच्या भिंतीवर एकदा लावून पाहावा, एवढी विनंती आहे.